चतकोर भाकरी आणि माझी हार

यशवंता,

दहाव्याला नदीवर तुझ्या पिंडाला कावळा शिवला. लगेच शिवला, भटजी बाजूला सरायच्या आत. पण त्यानं अर्धा भात खाल्ला, अर्धा तसाच ठेवला आणि समोरच्या बाभळीवर जाऊन चोच घासत बसला. तुझे उत्रोलीचे चुलते अस्वस्थ झाले. "पोराची कायतरी इच्छा ऱ्हायली," म्हणाले. कुणी म्हणालं, तूप कमी पडलं. कुणी म्हणालं, शेजारी जिलबी ठेवा, पूर्वी त्याला जिलबी लई आवडायची. कावळ्यांच्या मताला मी आजवर किंमत दिलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. पण त्या वेळी मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी नदीकडे तोंड फिरवलं. सगळ्यांना वाटलं, मास्तर रडतायत. थोड्या वेळानं तेही खरं झालं.

हे लिहितोय ते तुझ्याच सांगण्यावरून. यंदा शिमग्याच्या आधी आपण पुलावर बसलो होतो, तेव्हा तू परत तोच विषय काढलास. "मास्तर, आतातरी कबूल कर. पंधरा वर्षं झाली."

मी म्हणालो, "गेलेलं वजन परत येतं. माणूस जिवंत आहे तोवर निकाल लागत नाही."

"म्हंजी मी मरायची वाट बघतोस व्हय?"

"निकाल म्हटला की थांबावं लागतं."

"बरं, मग मी मेल्यावर लिव. पर नीट लिव. शाळेतल्या निबंधावानी नको."

इतकी घाई करायला मी सांगितलं नव्हतं. वैशाखातल्या पाच दिवसांच्या तापात तू निघून गेलास, आणि वाद माझ्या गळ्यात टाकून गेलास. तेव्हा आता ऐक.

संस्थानच्या खात्यात तू देवी काढायचास. लोक तुला डाक्तर म्हणत. तू डॉक्टर नव्हतास, आणि कुणी म्हटलं तर नाकारतही नव्हतास. हिवाळा लागला की लशीच्या नळ्यांची पेटी, एक तट्टू आणि एक शिपाई घेऊन तू नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याच्या डोंगरात शिरायचास आणि माघ संपता संपता परत यायचास. जाताना जाड असायचास, येताना आणखी जाड.

त्यात तुझा दोष किती आणि गावांचा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दारात सरकारी माणूस आला आणि तसाच गेला, तर त्या घराला ते वर्षभर लागतं. एका वस्तीत दहा घरं, दहा घरी लोण्याचा गोळा, दहा घरी "डाक्तर, आमच्यातली भाकरी काय कडू हाय व्हय?" तू कुणाचंच मन मोडायचा नाहीस. शिवाय उत्रोलीत लहानपणी तुझ्या आईनं शिकवलं होतं की ताटात शीत टाकू नये. ती शिकवण तू इतकी पाळलीस की ताट धुवायचं काम उरत नसे. भोरात तर तुझ्या आकाराचा मान होता. कोट घालून पेठेतून चाललास की दुकानदार उठून उभे राहत. खात्याचे वरिष्ठ म्हणत, "यशवंतरावांमुळे खात्याला वजन आहे." त्यांना विनोद करता येत नसे, म्हणून ते खरंच तसं मानत असावेत. सालाबादच्या फोटोत तुला मधोमध बसवत.

तुझं तट्टू मात्र अनुभवावर चालायचं. मार्गासनीच्या पुढे चढ लागला की ते खाली बसायचं.

ज्या हिवाळ्यात ते बसलं आणि तूही बसलास, त्याबद्दल आपण दोघं फार कमी बोललो. तोरण्याच्या कड्याखाली धनगरांची वाडी आहे. सोळा-सतरा घरं, वर जायला नुसती पाऊलवाट. त्या साली तू खाली वेल्ह्यातच मुक्काम केलास आणि शिपायाला वर पाठवलंस: पोरं घेऊन खाली या, देवी काढायच्यात. शेळ्या व्यायचे दिवस. चार-पाच घरं आली, बाकीची आली नाहीत. तू वहीत लिहिलंस, "लोकांची अनास्था." हा शब्द तुला मीच शिकवला होता.

चैत्रात वाडीवर देवी आल्या. दोन पोरं गेली. भागाबाई नावाच्या म्हातारीची दीड वर्षाची नात वाचली, पण तिचा उजवा डोळा गेला.

बातमी घेऊन तू माझ्याकडे आलास. ओट्यावर बसलास आणि बराच वेळ नुसता धापा टाकत राहिलास; माझ्या ओट्याला तीन पायऱ्या आहेत. मग म्हणालास, "मास्तर, ती अनास्था माझी व्हती."

मी तुला धीर देणारं काहीतरी बोललो असेन. मला आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसावं.

तेव्हापासून तू बारीक व्हायचा पण केलास आणि मी करमणुकीला बसलो. आधी वैद्यबुवांचं चूर्ण झालं. त्यानं तुझी भूक दोन दिवस मेली आणि तिसऱ्या दिवशी सूड घेत परत आली. मग तालीम झाली. वस्तादांनी तुला जोर मारायला लावले आणि नंतर अंगात ताकद यावी म्हणून बदामाचं दूध पाजलं. त्यांच्याकडे आजवर बारीक व्हायला कुणी गेलंच नव्हतं. मग तू आपल्या लोकांचा रामबाण काढलास: उपास. सोमवार धरलास, शनिवार धरलास, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. श्रावणात तर आठवड्यातले पाच दिवस तू उपाशी होतास आणि ते तुझ्या अंगावर दिसत होतं. गंगावहिनी बिचाऱ्या सोवळ्यात वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, तुपात परतलेले बटाटे, रताळ्याचा कीस आणि वर घट्ट दही वाढायच्या. नवऱ्याचे हाल त्यांना पाहवत नव्हते. "एकादशी, दुप्पट खाशी" असं आपले वाडवडील उगाच म्हणून गेले नाहीत, पण ती म्हण खात्यानं छापून घ्यावी असा पुरावा तू एकट्यानं दिलास. गौरी-गणपती झाल्यावर तू नसरापुरातल्या तांदळाच्या आडतीवर मोठ्या काट्यात बसलास. शेटजींनी समोर एक पोतं टाकलं. पारडं हललं नाही. मग त्यांनी वर दोन पायल्या ओतल्या आणि म्हणाले, "डाक्तर, उपास मानवला तुम्हाला."

मी पोट धरून हसलो. तेव्हा मला पोट नव्हतं, नुसती म्हणायची पद्धत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नाताळच्या सुटीत मी तुझ्याबरोबर आलो. तू किती चढतोस ते पाहायला आलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. सकाळी निघालेला तू दुपार कलल्यावर वाडीवर पोचलास. वाटेत अकरा वेळा बसलास. मी मोजत होतो, असला माणूस मी. पण परत फिरूया असं तू एकदाही म्हणाला नाहीस.

भागाबाईच्या झोपडीपुढे घोंगडी अंथरली होती. ती पोर तिच्या मांडीवर होती, हौसा. चेहऱ्यावर व्रण, उजवा डोळा मिटलेला. म्हातारीनं पोरीला खाली ठेवलं, आत जाऊन तुझ्यापुढे एक अख्खी नाचणीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि दुधाचा गडवा ठेवला. तू म्हणालास, "आजी, आज माझा उपास हाय."

"कशाचा?"

"शनवारचा."

"आज सुक्करवार हाय, डाक्तर."

बाजूच्या बाया खुदखुदल्या. तू हसला नाहीस. तू त्या पोरीकडे पाहत होतास. मग तू जे बोललास ते मला अपेक्षित नव्हतं, आणि तुलाही नसावं. "आजी, मला खायला देऊ नका. मी जाड झालो, मला चढवंना, म्हणून त्या साली वर आलो न्हाई. हिचा डोळा माझ्यापायी गेला."

बायांचं हसणं थांबलं. भागाबाईनं भाकरी उचलली, मोडली, परत मोडली. तीन तुकडे दुरडीत टाकले आणि एक तुझ्या हातावर ठेवला. आतापर्यंत ती तुला "तुमी" म्हणत होती. आता म्हणाली, "तुला समदी खा म्हनलं कुनी? दारात आलेला मानूस उपाशी जाऊ न्हाई, येवडंच हाय. गळ्यापत्तूर भरून जावं, असं कुटं हाय?"

तू हातावरच्या तुकड्याकडे पाहिलंस.

"ह्यो चतकोर. हितं चतकोर खा, फुडल्या घरी चतकोर खा. घराचा मान बी ऱ्हातो अन् तुजं पाय बी ऱ्हात्यात. अन् दर साली वर येत जा. ज्या साली यायचं थांबशील, त्या साली ह्या पोरीला म्या सांगीन, तिचा डोळा कुनापायी गेला त्यो."

तू तो चतकोर लोण्याशिवाय खाल्लास. फार सावकाश. मी तुला तीस वर्षं जेवताना पाहत होतो, पण चावताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

उतरताना मी वाटभर बोलत होतो. म्हणालो, म्हातारीचं शहाणपण ठीक आहे, पण सवय म्हणजे माणसाचं दुसरं कातडं; ते सोललं तरी परत येतं. तू म्हणालास, "सवय सोलायची कशाला, मास्तर? ताटात टाकायचं न्हाई ही माझी सवय हाय ना? ऱ्हाऊ दे की. ताटातच चतकोर येऊ दे." त्या वेळी हे मला शब्दांची कसरत वाटलं. पुढची पंधरा वर्षं तू ते एकाच चालीनं वाजवत राहिलास आणि मी त्याचा अर्थ शोधत राहिलो.

त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. तू व्रत केलं नाहीस, जिलबीची शपथ घेतली नाहीस, चारचौघांत जाहीर केलं नाहीस. तट्टावर पेटी ठेवलीस आणि स्वतः बाजूनं चालू लागलास. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं तट्टू आजारी आहे. दहा घरी दहा चतकोर झाले, म्हणजे अडीच भाकऱ्या झाल्या, त्यावर तुझी रात्र भागायची. लोकांना आधी राग आला, मग सवय झाली, आणि मग वेल्ह्याकडच्या बाया आपणहून म्हणू लागल्या, "डाक्तरचा चतकोर काढून ठेवलाय." घरी चहातला गूळ निम्मा झाला. तूप सणाला आलं. कारण नसताना खाणं गेलं, आणि गेलं म्हणून तू कधी हळहळला नाहीस. पहिल्या वर्षी नसरापूरच्या काट्यावर दोन पायल्या उतरल्या, पोतं तसंच राहिलं. मी म्हणालो, "एवढंच?" तू म्हणालास, "मला काय तोरणा जिंकायचा न्हाई. पुढल्या साली वर जायचंय."

तिसऱ्या वर्षी नुसतं पोतंही तुझ्यापेक्षा जड झालं, आणि भोर घाबरलं. आपल्या गावात माणूस बारीक होण्याला तीनच कारणं असतात: क्षय, वरिष्ठांची गैरमर्जी, नाहीतर करणी. दुकानदार बसल्या जागेवरूनच नमस्कार करू लागले. खात्याच्या साहेबांनी तुला बोलावून सांगितलं की कोट अंगावर लोंबतो, त्यानं खात्याची शोभा जाते. त्या वर्षीच्या फोटोत तू कडेला गेलास. गंगावहिनी एका दुपारी माझ्याकडे आल्या. "भावजी, खरं सांगा, ह्यांना क्षय न्हाई ना झाला? मी देवीला नवस बोललेय. हे पूर्वीसारखे भरले तर ओटी भरीन, पाच सवाष्णी जेवू घालीन."

म्हणजे तू बारीक राहावंस म्हणून तू एकटा झटत होतास, आणि तू जाड व्हावंस म्हणून देवी कामाला लागली होती. देवीच्या बाजूनं मीही होतो. मी वहिनींना वाडीची हकीगत सांगितली, कारण तू सांगितली नव्हतीस. त्या ऐकत राहिल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "मला आधी का न्हाई सांगितलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझं पितळेचं मोठं ताट माळ्यावर टाकलं आणि तुला पोरांच्या ताटलीत वाढलं. नवसाचं काय केलं, ते त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढे तू ठणठणीत आहेस हे पटल्यावर खात्यानं तुझा सत्कार केला, तोही सांगतो. मोठ्या पगडीचे एक पाहुणे आले होते. ते "अल्पाहार आणि राष्ट्र" या विषयावर तासभर बोलले आणि मग पाच पक्वान्नांच्या पंगतीला बसले. तुझ्या पानात पुरणपोळी आली. तू तिचा चतकोर मोडून घेतलास आणि उरलेली वाढप्याच्या हातात परत दिलीस. पाहुणे दुखावले. "रावसाहेब, हा आमच्या आग्रहाचा अपमान आहे." तू हात जोडून म्हणालास, "आग्रह घेतला की साहेब. त्याची पोळी तेवढी परत केली." मी समोरच्या रांगेत होतो. ते वाक्य ऐकता ऐकता मी तिसरी पोळी संपवली.

कारण तोवर मला पोट आलं होतं. खुर्ची, पुस्तकं, संध्याकाळची भजी; ते कसं आलं ते मी नाही पाहिलं, तुझंच मोजत बसलो होतो. एका वर्षी नसरापूरच्या शेटजींना लहर आली. त्यांनी एका पारड्यात तुला बसवलं आणि दुसऱ्यात मला. काटा डुलला आणि जवळजवळ मधोमध थांबला. सगळी आडत जमली. शेटजींनी तोंडातलं पान गिळलं, खिशातून एक सुपारी काढली आणि तुझ्या पारड्यात टाकली. तरी माझं पारडं तसूभर खालीच. "मास्तर जिंकले!" कुणीतरी ओरडलं. तू माझ्यासमोर अधांतरी बसून इतका हसत होतास की दोन्ही पारडी हलायला लागली.

एकदा मात्र मला आशा वाटली होती. तुझ्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं वर्ष. महिनाभर घरात आचारी, व्याह्यांच्या पंगती, रोज गोड. तू खाल्लंस, माझ्या शेजारी बसून खाल्लंस. शिमग्याला काट्यावर गेलास तर एक पायली परत आलेली. मला आनंद झाला, यशवंता. मित्राला असा आनंद होऊ नये, पण झाला. इतक्या वर्षांत तुला हे बोललो नाही, म्हणून आज सांगतो. मी म्हणालो, "बघ, आलंच शेवटी." मला वाटलं तू आता चिडशील, निर्जळी एकादशी धरशील, जोर मारशील, आणि मग आपटशील. तू खाली उतरलास, धोतर झटकलंस आणि म्हणालास, "लगीन व्हतं, खाल्लं. आता लगीन झालं." त्या रात्री ताटलीत पुन्हा चतकोर. पुढच्या शिमग्याला ती पायली नव्हती. त्या दिवशी मी मनातून हरलो. तोंडानं कबूल करायला अजून सात वर्षं आणि तुझं मरण लागलं.

मग लढाई आली. रॉकेल महाग, साखर मोजून. सगळं भोर कुरकुरत तुझ्या पंगतीला येऊन बसलं. लढाई संपल्यावर सगळे आपापल्या जागी परत गेले. तू तिथेच राहिलास.

आणि दर हिवाळ्याला वर गेलास. एकही हिवाळा चुकला नाही. शेवटी शेवटी शिपाई मागे पडायचा. भागाबाई गेली, तेव्हा हौसा दहा वर्षांची होती. म्हातारीनं तिला काही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ तू येऊ दिली नव्हतीस. त्यानंतर दुरडीतला तुझा चतकोर हौसा काढून ठेवायला लागली, आणि तुला तो गिळवेना. पुलावर तू मला म्हणाला होतास, "मास्तर, तिला माझ्या तोंडानं सांगायचंय. दर साली ठरवून जातो. ती भाकरी घेऊन समोर आली की माझी जीभ उचलत न्हाई. माझ्यात चढायचं बळ आलं, पर तेवढं न्हाई आलं." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी सांग." मला वाटलं, आपल्याकडे वर्षांचा तोटा नाही.

तेराव्याला हौसा आली. वेल्ह्यापलीकडच्या दुसऱ्या वाडीवर दिलीय तिला; तिथून सासऱ्याबरोबर दोन दिवस चालत आली, कडेवर तान्हं पोर. सरकारी माणसाच्या तेराव्याला त्या डोंगरातून कुणी खाली उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अंगणाच्या कडेला बसली. पंगत उठल्यावर मी तिच्याजवळ गेलो.

"मास्तर, डाक्तर कशानं गेलं?"

"तापानं."

"माघात आलं तवा तर बरं व्हतं. आमच्या मामंजींना चढात मागं टाकलं त्यांनी. व्हय का न्हाई, मामंजी?"

सासऱ्यानं मान हलवली. मी विचार केला, तू यायचा थांबलास. आता म्हातारीचा शब्द कुणीतरी पाळायला हवा, आणि तुझ्या मनातलंही तेच होतं. मी खाली बसलो. आजकाल बसायला मला वेळ लागतो.

"हौसा, तुला एक सांगायचंय. डाक्तरांना सांगायचं होतं, राहून गेलं. तू दीड वर्षाची होतीस. त्या साली ते वाडीवर आले नाहीत. तेव्हा ते फार जाड होते. इतके, की त्यांना चढवत नव्हतं..."

"कोन?"

"डाक्तर."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि तिला हसू फुटलं. घर दुखवट्याचं, म्हणून तिनं पटकन पदर तोंडावर धरला. सासराही मिशीत हसला. "आमचं डाक्तर? जाड?" मग ती गंभीर झाली आणि मला शाळेतल्या पोरासारखं दटावलं, "मास्तर, मेलेल्या मानसावर असं बालंट घेऊ न्हाई. तुमी शिकलेली मानसं."

दारात गंगावहिनी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "भावजी," त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, यशवंता. ते मी गिळलं. बरोबर केलं की चूक, यावर तुझ्याशी वाद घालायला आवडलं असतं.

हौसानं पोराचं अंगडं खांद्यापर्यंत वर सारलं आणि त्याचा दंड माझ्यापुढे धरला. "ह्याच्या बी त्यांनीच काढल्या. बगा."

मी चष्मा लावून पाहिलं. देवी चांगल्या उठल्या होत्या.